मुहूर्त कोणाचा, निर्णय कोणाचा?



गेल्या चातुर्मासातील एका रविवारची गोष्ट. बेलापूरच्या स्थानकात प्रवचन संपले, मांगलिक झाले आणि मंडळी घराकडे निघाली. ओसरीच्या खांबाला टेकून आमच्या पेठेतली एक लेक बसून राहिली होती. सासर पुण्याचे, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. नववा महिना चालू होता. पाय सुजलेले होते आणि चेहरा थकलेला.

‘‘काकी, गुरुवारी मला दवाखान्यात दाखल करणार आहेत. कळा आणण्याचे औषध देणार आहेत म्हणे.’’

‘‘का गं? काही अडचण आहे का?’’

‘‘ते मला माहीत नाही. गुरुवारी गुरुपुष्य आहे.’’

हे उत्तर ऐकून मला राहवले नाही. मी तिच्याबरोबर घरी गेले आणि फाईल मागितली. शेवटच्या कागदावर डॉक्टरबाईंनी स्वच्छ लिहिले होते: अडतीस आठवडे पूर्ण, रक्तदाब १५०/१००, लघवीत प्रथिने, सोमवारी दाखल व्हावे. सोमवारी, गुरुवारी नव्हे. हे बोलणे आईवडिलांशी झाले होते, मुलगी तेव्हा तपासणीच्या खोलीत होती. वडिलांनी पुण्याला फोन केला. तिकडे पंचांग उघडले गेले आणि ‘तीन दिवसांनी काय बिघडते, गुरुपुष्यच साधू’ असे ठरले. खर्च माहेरचा, निर्णय सासरचा आणि देह मात्र तिचा. त्या देहात काय चालले आहे, हे तिला एकटीलाच ठाऊक नव्हते.

या घरातील एकही माणूस वाईट नव्हता. सर्वांचे त्या मुलीवर प्रेम होते. म्हणूनच हा विषय या सदरात मांडावासा वाटला.

कळा आपोआप सुरू होण्याआधी औषधाने किंवा अन्य उपायाने त्या सुरू करणे, याला डॉक्टर ‘इंडक्शन’ म्हणतात. आपल्याकडे ‘कळा आणणे’ हाच शब्द रूढ आहे. गर्भाशयाचे मुख अजून घट्ट असेल, तर आधी ते मऊ करावे लागते. त्यासाठी योनिमार्गात जेल ठेवतात, मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या अगदी अल्प मात्रेच्या गोळ्या देतात, किंवा फोलीची नळी आत सरकवून तिच्या टोकाचा लहान फुगा पाण्याने फुगवतात. मुख तयार झाल्यावर गर्भजलाची पिशवी फोडणे आणि शिरेतून ऑक्सिटोसिनचे थेंब देणे हे पुढचे टप्पे. मुख कितपत तयार आहे हे पाहण्यासाठी डॉक्टर १९६४ साली एडवर्ड बिशप यांनी सुचविलेली गुणपद्धती वापरतात. गुण कमी असतील तर पहिलटकरणीला एक दिवस, कधी दोन दिवसही लागू शकतात. हे आधी ठाऊक नसले की बाहेर बसलेले नातेवाईक सहा तासांतच अस्वस्थ होतात आणि ‘एकदाचे सिझर करून टाका’ असा आग्रह धरतात.

ऑक्सिटोसिनविषयी आपल्या समाजात दोन शंका नेहमी विचारल्या जातात. पहिली अहिंसेची: हे औषध प्राण्यांपासून काढतात का? एके काळी ते जनावरांच्या मेंदूतळाशी असलेल्या ग्रंथीपासून मिळवीत असत, हे खरे. परंतु व्हिन्सेंट द्यू विग्नो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज वापरले जाणारे औषध कृत्रिमरीत्याच बनविलेले असते. दुसरी शंका: म्हशीला पान्हा फुटावा म्हणून चोरून टोचतात तेच का हे? औषध तेच. त्या गैरवापरामुळेच केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली होती. पण प्रसूतीत आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी ते जीवरक्षक असल्याने दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती बंदी रद्द केली. गोठ्यातील गैरवापरावरून प्रसूतिगृहातील औषधाला दोष देऊ नये.

मग कळा केव्हा आणाव्यात? काही कारणे स्पष्ट आहेत. रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाऊ लागणे, मधुमेह, कळांविना पाणी जाणे, बाळाची वाढ खुंटणे, आणि दिवस उलटून जाणे. जागतिक आरोग्य संघटना एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते. स्वीडनमध्ये सुमारे २,७६० स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात एक्केचाळीस आठवड्यांना कळा आणल्या, दुसऱ्या गटात बेचाळीस आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. ‘नैसर्गिक तेच चांगले’ म्हणून आलेली सूचना झिडकारणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

आमच्या लेकीचे कारण यांपैकी पहिले होते. त्या कारणाचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर डॉ. शुचिता मुंडले व त्यांच्या भारतीय आणि विदेशी सहकाऱ्यांनी फोलीचा फुगा आणि तोंडाने घ्यावयाची मिसोप्रोस्टॉलची गोळी यांची तुलना केली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के, तर फुगा वापरलेल्यांपैकी ४७ टक्के स्त्रिया चोवीस तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या. उच्च रक्तदाबात कळा आणणे म्हणजे सिझेरियनची पहिली पायरी, असा जो समज आहे, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. तसेच, चोवीस तासांत सगळ्याच जणी बाळंत होत नाहीत, धीर धरावा लागतो, हेही त्यातून दिसते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. औषधाने आलेल्या कळा कधी फार जोराच्या आणि फार लागोपाठ येतात. त्यामुळे बाळाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून औषध दिल्यावर ठोक्यांवर सतत लक्ष हवे. आधीचे सिझेरियन झालेल्या स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देत नाहीत, कारण जुना टाका उसवण्याची भीती असते. कधी सर्व उपाय करूनही कळा लागत नाहीत आणि शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय सदतिसाव्या आठवड्यात, कोणतेही कारण नसताना, केवळ दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या, जावई परदेशी जाणार आहे किंवा अमुक तारीख ‘लकी’ आहे म्हणून बाळाला बाहेर काढणे हे त्याच्यावर अन्यायच होय. शेवटचे दोन-तीन आठवडे त्याची फुप्फुसे आणि मेंदू पक्के होण्याचे असतात.

आणि काही कारणच नसेल, तिथी मात्र भरत आली असेल तर? येथे दोन मार्ग खुले असतात. अमेरिकेतील एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींना एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणल्या तेव्हा सिझेरियनचे प्रमाण १८.६ टक्के राहिले; वाट पाहणाऱ्यांत ते २२.२ टक्के होते. बाळांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. या अभ्यासात आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. सहभागासाठी पात्र अशा २२,५३३ स्त्रियांपैकी केवळ ६,१०६ जणींनी होकार दिला. बाकीच्यांना विचारले गेले, त्यांनी ‘नको’ म्हटले आणि त्यांचे ‘नको’ मानले गेले. मला हा आकडा फार बोलका वाटतो.

आपल्याकडे बाळंतपण रुग्णालयात व्हावे, ही लढाई आपण बहुतांशी जिंकली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. परंतु त्याच पाहणीत सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. गुंतागुंतीच्या केसेस खासगीत अधिक जातात असे धरले, तरी एवढ्या अंतराचा उलगडा होत नाही. आपली व्यापारी घरे बहुतेक खासगी रुग्णालयांतच जातात. मालाचा भाव दहा ठिकाणी विचारणारे आपण, लेकीसुनेच्या बाळंतपणात मात्र ‘का’ हा एक प्रश्न विचारायला संकोचतो. आणि ज्या एका गोष्टीत आपण डॉक्टरांना आग्रहाने सांगतो, ती असते मुहूर्ताची घटका!

मुहूर्ताविषयी आपल्या परंपरेकडेच वळू या. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या जन्माचे वर्णन आहे. नऊ महिने साडेसात दिवस पूर्ण झाल्यावर, चैत्र शुद्ध त्रयोदशीला त्रिशलामातेने बाळाला जन्म दिला. त्या वेळी ग्रह उच्च स्थानी होते, असेही तेथे म्हटले आहे. पण ती घटका कोणी निवडलेली नव्हती. जन्म झाला म्हणून ती घटका मंगल ठरली. घटका मंगल होती म्हणून जन्म ओढून आणलेला नव्हता. गंमत अशी, की आजचे डॉक्टरही प्रसूतीची तारीख काढताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. मोजणीचा आरंभ निराळा असेल. निसर्गाच्या मुदतीचा आदर दोन्हीकडे सारखाच आहे.

त्याच ग्रंथातील दुसरा प्रसंग आपण पर्युषणात अनेकदा ऐकला आहे. आईला त्रास होऊ नये म्हणून गर्भस्थ भगवंतांनी हालचाल थांबविली. त्रिशलामाता व्याकुळ झाली. माझ्या गर्भाला काही झाले तर नाही ना, या विचाराने तिला काही सुचेना. पुढे गर्भाने हालचाल केली तेव्हा तिच्या जिवात जीव आला. आणि मातापिता हयात असेतो दीक्षा घेणार नाही, असा संकल्प भगवंतांनी गर्भातच केला. या प्रसंगातील करुणेबद्दल आपण नेहमी बोलतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्रिशलामातेला जे जाणवले, त्यावर सिद्धार्थ राजाच्या महालाने विश्वास ठेवला. नृत्य-गायन थांबले, सारा महाल चिंतातुर झाला. ‘तुला उगीच भास होतो’ असे तिला कोणी म्हटले नाही. बाळाची हालचाल मंदावणे ही आजही तातडीने रुग्णालय गाठण्याची खूण मानतात. गर्भवती सांगते तेव्हा तिचे ऐकावे, हा धडा आपल्याला अडीच हजार वर्षांच्या परंपरेने दिलेला आहे.

कायदाही तेच सांगतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नसेल, तर संमती तिचीच हवी. आणि उपचार कोणता, त्याचे लाभ व धोके काय, दुसरा मार्ग आहे का, न केल्यास काय होईल, हे पुरेसे समजावल्यावर दिलेली हवी. म्हणजे पती, सासरे किंवा वडील यांची सही ही तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या धर्मात कृत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: करणे, करविणे आणि अनुमोदन देणे. तिच्या देहाविषयी अनुमोदन द्यायचे, तर ते समजून-उमजून द्यावे, आणि सर्वांत आधी तिने द्यावे.

आता त्या रविवारकडे परत येते. संध्याकाळी आम्ही डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी लगेच बोलावले. या वेळी त्या मुलीनेच विचारले, ‘‘मला कळा का आणायच्या आहेत? गुरुवारपर्यंत थांबले तर काय होईल? कोणते औषध देणार? त्याने कळा लागल्या नाहीत तर पुढे काय?’’ डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. या अवस्थेत रक्तदाब अचानक चढू शकतो, झटके येऊ शकतात, वार सुटू शकते. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखले तर मध्यरात्रीही यावे. सर्व मिळून वीस मिनिटे लागली असतील. मुलगी क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘मग उद्याच येते.’’

पुण्याला फोनही तिनेच केला. ‘‘मम्मी, गुरुपुष्यापर्यंत थांबणे बाळाला आणि मला धोक्याचे आहे. मी उद्या दाखल होतेय. तुमचा आशीर्वाद असू द्या.’’ पलीकडे थोडी शांतता होती. मग सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही गं.’’ खरेच, त्यांनाही कोणी नीट सांगितले नव्हते.

त्या घरात जे शेवटच्या क्षणी झाले, ते आपल्या घरांत आठव्या महिन्यातच व्हावे. डोहाळजेवणाचा बेत ठरवतानाच, गर्भवती, तिचा पती आणि डॉक्टर यांनी एकदा शांतपणे बसावे. मुलगी माहेरी येणार असेल तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा कागद दागिन्यांइतका जपून बरोबर आणावा; प्रसूतीची तारीख त्यावरूनच सर्वांत अचूक ठरते. शेवटच्या महिन्यातील सोनोग्राफीवरून दिवस मोजले तर दिवस उलटले की नाही याचा घोळ होतो. बेलापूरकरांना श्रीरामपूर हाकेच्या अंतरावर आहे, पण लोणी आणि नगर त्याहून दूर. म्हणून निवडलेल्या रुग्णालयात रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया होते का, रक्ताची आणि बालरोगतज्ज्ञांची सोय आहे का, वेदना कमी करण्याचे कोणते उपाय मिळतात, हे आधीच विचारावे.

प्रसूतीच्या खोलीत सोबत कोण थांबू शकेल, हेही विचारावे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात तिच्या पसंतीच्या सोबतीची शिफारस केली आहे. त्याच मार्गदर्शनात असेही म्हटले आहे, की गर्भाशयमुख दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे ही जुनी फूटपट्टी प्रत्येक स्त्रीला लावू नये. आई आणि बाळ सुखरूप असतील, तर केवळ ‘वेग कमी’ म्हणून घाई करण्याचे कारण नाही.

आपल्या घरांपुरती आणखी एक गोष्ट. कळा आणण्याची प्रक्रिया रात्रभर चालते, आणि चौविहाराचा नियम असलेल्या मुली सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. लांबलेल्या कळांत अंगातील पाणी आटले तर थकवा वाढतो. पच्चक्खाणात आगार सांगितलेले आहेत. रोग-पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषधादी घेण्यासाठी सर्वसमाधीचा आगार आहेच. गुरुणीजींना आधीच विचारून घ्यावे, म्हणजे त्या रात्री मनात द्विधा राहत नाही. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले असेल, तर ते अर्थातच पाळावे.

सोमवारी सकाळी ती दाखल झाली. गोळ्या सुरू झाल्या. सोमवारचा दिवस गेला, रात्र गेली. मंगळवारी दुपारी बाहेर बसलेल्या मंडळींचा धीर सुटू लागला. पण रक्तदाब आटोक्यात होता, बाळाचे ठोके चांगले होते, आणि आत तिची आई तिच्या कमरेवरून हात फिरवीत बसली होती. डॉक्टरबाईंनी तिला विचारले, ‘‘अजून थांबायचे?’’ ती म्हणाली, ‘‘थांबू या.’’ मंगळवारी रात्री उशिरा मुलगी झाली. टाके पडले, थकवा आला, पण दोघी सुखरूप होत्या.

गुरुवारी पुण्याची मंडळी आली. गुरुपुष्य होतेच. सासूबाईंनी नातीसाठी सोन्याचे इवलेसे वाळे घेतले होते. सुनेच्या उशाशी बसून त्या म्हणाल्या, ‘‘मुहूर्त सोन्याच्या कामी आला. बरे झाले, तू फोन केलास.’’